'मीडियन सर्व्हायव्हल'ला मराठीत काय म्हणावं?

कॅन्सर पेशंटसाठी माहितीपत्रक मराठीत करतेय. 'फाइव्ह इयर सर्व्हायव्हल'ला 'पाच वर्षांचं आयुर्मान' आणि 'मीडियन सर्व्हायव्हल'ला 'सरासरी आयुष्य' असं लिहिलेलं सापडलं, पण मला दोन्ही खटकतायत. काय लिहू?

— 'आयुर्मान' अजिबात नको, वाचणाऱ्याला वाटेल आता पाचच वर्षं उरली. निदान झाल्यापासून पाच वर्षांनी किती जण हयात होते एवढंच तो आकडा सांगतो, त्यातले कितीतरी पुढे वीस वीस वर्षं जगतात, पाच हा नुसता मोजायचा टप्पा. मी तर टक्केसुद्धा टाळेन, सरळ लिहा की 'हा कॅन्सर या स्टेजला सापडलेल्या 100 जणांपैकी 70 जण पाच वर्षांनी हयात होते' (70 उदाहरणापुरते). 'होते' मुद्दाम, 'राहतील' नाही, कारण हे आकडे आधीच्या पेशंटचे असतात आणि नंतर आलेल्या औषधांचा फायदा त्यात धरलेला नसतो.

— आणि मीडियन म्हणजे सरासरी नव्हेच, शाळेत शिकलो तो मध्यक. मीडियन आठ महिने म्हणजे निम्मे पेशंट त्याआधी गेले आणि निम्मे त्याहून जास्त जगले, पण किती जास्त ते मध्यक सांगतच नाही. स्टीफन जे गूल्ड या जीवशास्त्रज्ञाला 1982 मध्ये पोटाचा मेसोथेलिओमा (पोटाच्या आतल्या आवरणाचा कॅन्सर) निघाला, तेव्हा त्या कॅन्सरचा मीडियन आठ महिने होता, गूल्ड जगले 2002 पर्यंत आणि गेले तेही दुसऱ्याच कॅन्सरने. सगळ्यांचं असं होत नाही हेही तितकंच खरं, म्हणून पत्रकात दोन्ही बाजू यायला हव्यात. 'निम्मे पेशंट इतक्या महिन्यांहून जास्त जगले' असं वाक्यच करा, एका शब्दात कोंबू नका.

— पटलं. आणि 'रिलेटिव्ह सर्व्हायव्हल'? 'सापेक्ष' कुणाला कळणार?

— 'त्याच वयाच्या इतर लोकांच्या तुलनेत' असं लिहा. म्हातारपणी माणूस हार्टनेही जातो, ते वजा करायला ही तुलना असते. आणि 'धोका निम्मा झाला' एवढंच लिहून थांबू नका हो, 4 चे 2 झाले तरी निम्मा आणि 40 चे 20 झाले तरी निम्माच, शंभरात किती ते दोन्ही वेळचं द्या. शिवाय हे आकडे पत्रकाच्या वेगळ्या पानावर ठेवा, काही पेशंटना ते बघायचेच नसतात.