अमेरिकी सरकारला सुटे भाग विकायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

लेथवाला_जर्सी:
न्यू जर्सीत छोटं मशीन शॉप आहे. दोन सीएनसी (संगणकावर चालणारी) मशीनं, चार माणसं. आजवर खासगी गिऱ्हाइकंच केली, आता फेडरल सरकारला, मुख्यतः संरक्षण खात्याला माल द्यायचा विचार आहे. एक एजंट नोंदणीचे हजार डॉलर मागतोय, द्यावेत का? आणि थोरल्या भावाचं भोसरीला वर्कशॉप आहे. निम्मं काम तिकडून करून आणलं तर भाव पाडून देता येईल. जाणकारांनी सांगा.

टॉलरन्स:
एजंटला दमडी देऊ नका. सॅम डॉट गव्ह या सरकारी साइटवर नोंदणी फुकट होते. यूईआय आणि केज कोड (सरकारी व्यवहारात कंपनीची ओळख पटवणारे क्रमांक) त्यातच मिळतात. कंपनीचं नाव आयआरएसकडे (कर खात्याकडे) आहे तसंच्या तसं लिहा, बहुतेकांचं घोडं तिथंच अडतं. नोंदणी दरवर्षी नव्याने करायची. त्यातली माहिती सगळ्यांना दिसते, त्यामुळे 'तुमची मुदत संपतेय, पैसे भरा' असे फोन येतील. ठेवून द्यायचे.
तुमचा नॅक्स कोड (धंद्याच्या प्रकाराचा सरकारी क्रमांक) ३३२७१०. त्यात ५०० कामगारांपर्यंत 'लहान' धंदा धरतात, म्हणजे काळजी नको.

मेरीलँडकर:
भोसरीचं डोक्यातून काढा हो! लष्करी भागांची बरीच ड्रॉइंग निर्यात-नियंत्रित (परदेशी माणसाला द्यायला सरकारी परवाना लागणारी) असतात. ती बघायला आधी जेसीपी प्रमाणपत्र (अशी ड्रॉइंग मिळवायची सरकारी मान्यता) लागतं, आणि परवान्याशिवाय भावाला ईमेल केलीत तर थेट गुन्हा. तुमच्याच शॉपमधल्या एच-वन व्हिसावरच्या मुलालाही दाखवता येत नाहीत, ग्रीन कार्डवाल्याला चालतं. शिवाय लहान धंद्यांसाठी राखीव मोठ्या ऑर्डरचा माल साधारणपणे इथल्याच लहान उत्पादकाने बनवलेला लागतो. वर बाय अमेरिकन कायदा आहेच: एकूण घटकखर्चात देशी घटकांचा वाटा सध्या ६५ टक्क्यांहून जास्त हवा, २०२९ पासून ७५हून.

टॉलरन्स:
+१. भावाला खासगी ऑर्डरींमध्ये घ्या.
काम शोधायला डीएलएचं (संरक्षण खात्याच्या पुरवठा संस्थेचं) डिब्स पोर्टल बघा, तिथं सुट्या भागांच्या मागण्या सतत लागतात. १५ हजार डॉलरपर्यंतची खरेदी स्पर्धा न घेताही होऊ शकते. त्यावर साडेतीन लाखांपर्यंत, निदान दोन लहान कंपन्या वाजवी भावात देतील असं दिसलं, तर ऑर्डर लहानांसाठीच राखीव ठेवतात. (हे आकडे ऑक्टोबर २०२५ पासूनचे. जुने लेख १० हजार आणि अडीच लाख सांगतील.)

काकू_इन_टेक्सास:
माझं मत थोडं वेगळं. आधी एखाद्या मोठ्या कंत्राटदाराकडून सब-काम घ्या, तपासणीची कागदपत्रं कशी लागतात ते अंगवळणी पडेल. आणि एपेक्स अ‍ॅक्सेलरेटरला फोन करा, म्हणजे सरकारी कंत्राटं मिळवायला मदत करणारं केंद्र, पूर्वी पीटॅक म्हणायचे तेच. एजंट ज्याचे हजार मागतोय ते हे लोक फुकट शिकवतात.

लेथवाला_जर्सी:
आभार मंडळी. भावाची समजूत घालतो. डिब्सवर एक साधा बुशिंग दिसतोय, कोट टाकू का?

टॉलरन्स:
टाका, पण पॅकिंगचा रकाना वाचून. मिलिटरी स्टँडर्ड २०७३ लिहिलं असेल तर पिशवी, खोका, लेबल सगळं त्यांच्या पद्धतीने हवं. स्वस्त भागाला कधी कधी भागापेक्षा पॅकिंगच महाग पडतं. पॅकिंगवाल्याचा दर आधी घ्या, मग आकडा भरा.