शब्दचर्चा: संथ, रटाळ, लांबलेला, ताणलेला... मित्राला सिनेमा सांगताना नेमकं काय म्हणायचं?

तिकीटबारी

नुकत्याच पाहिलेल्या सिनेमांवर मित्रांच्यात गप्पा सुरू झाल्या की तीनच शब्द फिरत राहतात: भारी, बरा, बोअर. त्यातल्या 'बोअर'मध्ये तर काय वाट्टेल ते कोंबलेलं असतं. मराठीत संथ, रटाळ, लांबलेला, ताणलेला, पसरट, विस्कळीत असे कितीतरी शब्द आहेत. यांचे अर्थ खरोखर वेगळे आहेत, की लिहिणारा हाताला येईल तो उचलतो? दुसरा प्रश्न: सिनेमाची 'शिफारस' करायची की सिनेमा 'सुचवायचा'?

अर्धविराम

वेगळे आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाली की ऐकणारा हमखास फसतो.

'संथ' हा मुळात दोष नाहीच. पाणी संथ असतं, लय संथ असते, कोणी त्याबद्दल तक्रार करत नाही. 'रटाळ' मात्र उघड शिवी आहे. फरक ओळखायची सोपी रीत: मधला कुठलाही दहा मिनिटांचा तुकडा घ्या आणि विचारा, या दहा मिनिटांत नवीन काय कळलं? पात्राचा स्वभाव, दोघांमधली धुसफुस, घरातल्या खोल्यांची रचना, काहीही चालेल. काही ना काही हाताला लागलं तर सिनेमा संथ. आधी कळलेलंच तिसऱ्यांदा कळलं तर रटाळ. म्हणूनच धावपळीचा, दर दोन सेकंदांना शॉट बदलणारा सिनेमाही रटाळ असू शकतो. पाचवा पाठलाग चौथ्यासारखाच असेल तर गाड्या कितीही जोरात पळोत.

'कोर्ट' (२०१४, दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे) घ्या. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, तरी 'रटाळ आहे' म्हणणारे भेटतातच. कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी, लांबवर, अख्खी खोली दिसेल असा ठेवलेला. प्रसंगातलं मुख्य काम उरकलं तरी शॉट लगेच तुटत नाही. पुढच्या खटल्याचा पुकारा होतो, कोणीतरी उठतं, कोणीतरी बसतं. आपण ज्या खटल्यात गुंतलोय तो त्या खोलीच्या दृष्टीने दिवसभरातल्या अनेकांपैकी एक, हे कोणी बोलून दाखवत नाही, त्या न तुटणाऱ्या शॉटमधून कळतं. हा संथपणा कामाचा आहे. तो कोणाला झेपणार नाही, हे मान्य. पण मग 'संथ आहे, मला झेपला नाही' म्हणावं. 'रटाळ' म्हटलं की ठपका सिनेमावर जातो.

बाकीचे भराभर. 'लांबलेला': जिथे संपायला हवा होता तिथून पुढे चालत राहिलेला, एकामागून एक तीन शेवट असलेले सिनेमे यात येतात. 'ताणलेला': चाळीस मिनिटांचा जीव दोन तासांवर ओढलेला. 'पसरट': उपकथानकं भरपूर, पण मध्यभागी कोण आहे ते कळत नाही. 'विस्कळीत': प्रसंग सुटे चांगले, पण एकातून दुसरा निघत नाही. यात चुकून भर पडते ती 'ढिसाळ'ची, पण तो लांबीशी संबंधित नाही. ढिसाळ म्हणजे निष्काळजी: आधीच्या शॉटमध्ये भरलेला चहाचा कप पुढच्यात रिकामा, १९७०च्या गोष्टीत आजची नंबरप्लेट.

पिटातला

सहमत. 'ताणणे'बद्दल एक पुरवणी. कर्म कोणतं आहे ते बघा. 'गोष्ट ताणली' ही तक्रार, 'उत्कंठा ताणली' ही दाद. 'शेवटपर्यंत ताण टिकतो' हे तर रहस्यपटाला मिळणारं मोठं प्रशस्तिपत्र. नुसतं 'ताणलाय' एवढंच लिहिलं तर दहापैकी नऊ जण वाईट अर्थ घेतील.

तसंच 'अंगावर येतो'. प्रसंग अंगावर आला म्हणजे परिणाम झाला. पार्श्वसंगीत अंगावर आलं म्हणजे डोकं उठलं. आणि 'अंगावर काटा आला' हे तिसरंच. परीक्षणांत हे तिन्ही सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात.

रीळवाला

लांबीचा विषय निघालाच आहे तर संकलकाची बाजू मांडतो. सिनेमा मोठा वाटला की लोक डोळे झाकून लिहितात, 'संकलन आणखी घट्ट हवं होतं'. दर वेळी दोष तिथे नसतो. ओळखायचं असं:

माणूस गाडी लावतो, जिना चढतो, बेल वाजवतो, दार उघडतं, पाण्याचा ग्लास येतो आणि मग मुद्द्याचं बोलणं सुरू होतं. प्रसंगात लवकर शिरणं आणि उशिरा बाहेर पडणं, हे संकलनाचं ढिलेपण. (दिग्दर्शकाने 'राहू दे' म्हटलेलंही असू शकतं, ते पडद्यावरून कळत नाही.) अख्खा प्रसंग मनातल्या मनात काढून टाकला आणि पुढचं काहीच अडलं नाही, तर चूक पटकथेची. तो प्रसंग लिहिलाच जायला नको होता. आणि आपण डोळ्यांनी बघितलेली गोष्ट पात्रं एकमेकांना पुन्हा सांगत बसली, तर संवाद लिहिणाऱ्याकडे बोट दाखवा. श्रेयनामावलीत कथा, पटकथा, संवाद असे तीन वेगळे धनी असतात. 'कथा चांगली, पटकथा फसली' हे वाक्य विरोधाभासी नाही, अगदी नेमकं आहे.

जुन्या माणसांचं 'पहिली आठ रिळं झकास, नंतर बसला' हे वाक्य तर हिशेबाचं आहे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मची एक फूट लांबी म्हणजे १६ चौकटी (फ्रेम), सेकंदाला चौकटी २४. म्हणजे मिनिटाला ९० फूट. हजार फुटांचं रीळ साधारण ११ मिनिटं चालतं. आठ रिळं म्हणजे जवळजवळ दीड तास, चौदा रिळांचा सिनेमा म्हणजे अडीच तासांच्या थोडा पुढे. आता थिएटरात फिल्म चढत नाही, हार्ड डिस्क येते, तरी बोलण्यातलं रीळ टिकून आहे.

'डब्या'चे दोन प्रयोग मात्र गोंधळ घालतात. 'सिनेमा डब्यात गेला' म्हणजे तयार होऊनही (किंवा अर्धवट) प्रदर्शित झालाच नाही. 'डब्बा आहे' म्हणजे भिकार आहे. डब्यात गेलेला सिनेमा उत्तम असू शकतो. तो कोणी पाहिलेलाच नाही.

तिकीटबारी

'रीळ' आणि हल्लीचं 'रील' एकच का?

रीळवाला

इंग्रजी मूळ एकच, पण मराठीत वाटा फुटल्या. शिवणाच्या दोऱ्याचं आणि फिल्मचं ते रीळ, अनेकवचन रिळं. मोबाइलवरचं ते रील, अनेकवचन रील्स. 'त्याने तीन रिळं टाकली' असं कोणी म्हटलं तर शिंप्याचं दुकान आठवेल.

व्याकरणप्रेमी

शब्दांच्या रूपांचा विषय निघालाच आहे तर लिंगाचंही बघू: चित्रपट आणि सिनेमा निर्विवाद पुल्लिंगी. फिल्म आणि वेबसिरीज स्त्रीलिंगी. 'पिक्चर' मात्र पुल्लिंग आणि नपुंसकलिंग दोन्हींकडे झुकतो: 'पिक्चर बघितला' आणि 'पिक्चर बघितलं' दोन्ही कानावर पडतात, एकाला चूक म्हणण्यात अर्थ नाही. पण एकाच परिच्छेदात 'पिक्चर चांगला होता, पण लांबलं' असं करू नये.

क्रियापदंही बघण्यासारखी आहेत. पिक्चर 'लागतो' (थिएटरात), 'उतरतो' (थिएटरातून), 'चालतो', 'पडतो', 'आपटतो', आणि आपण तो 'टाकतो'. 'रात्री एक पिक्चर टाकू' यात फेकून देण्याचा काही संबंध नाही. 'पडला' आणि 'आपटला' यांत जोराचा फरक: अपेक्षाच नव्हती तो पडतो, गाजावाजा करून आलेला आपटतो. ही सगळी गल्ल्याची भाषा आहे, गुणवत्तेची नव्हे. 'पडलेला पण बघण्यासारखा' हे बिनदिक्कत म्हणता येतं.

जाता जाता, 'बोलपट' कुठे गेला? सावरकरांनी सुचवलेल्या शब्दांत 'चित्रपट', 'बोलपट', 'दिग्दर्शक', 'मध्यंतर' हे नेहमी सांगितले जातात. मराठीतला पहिला बोलपट, प्रभातचा 'अयोध्येचा राजा', १९३२चा. सगळेच सिनेमे बोलू लागल्यावर वेगळं सांगायचं कारण उरलं नाही आणि शब्द मागे पडला. गंमत म्हणजे इंग्रजी 'टॉकीज' मराठीत राहिला, पण सिनेमा म्हणून नव्हे, थिएटर म्हणून. 'टॉकीजला जाऊ' म्हणणारे अजून आहेत.

अर्धविराम

अभिनयाच्या शब्दांत एक दुरुस्ती सतत करावी लागते. 'संयत' आणि 'संयमी'. अभिनय संयत असतो, म्हणजे आवरून केलेला. संयमी माणूस असतो. 'तिचा संयमी अभिनय' हे खटकतं.

'भडक' आणि 'बटबटीत' हेही जुळे समजले जातात. भडक म्हणजे प्रमाण जास्त: रंग, आवाज, हातवारे. बटबटीत म्हणजे सुचवून भागलं असतं ते ठळक करून दाखवलेलं. म्हातारा रिकाम्या खुर्चीकडे बघतो, एवढं पुरेसं असताना खुर्चीवर कॅमेरा सरकतो, व्हायोलिन वाजतं आणि वर फ्लॅशबॅक येतो. यात आवाज चढलेला नाही, रंग फिके आहेत, तरी हे बटबटीत.

आणि 'संगीत छान आहे' म्हणताना गाणी की पार्श्वसंगीत ते सांगा. मराठीत नुसतं 'संगीत' म्हटलं की गाणीच डोळ्यांसमोर येतात.

पिटातला

स्पॉयलरला 'रहस्यभेद' हा शब्द लेखनात बऱ्यापैकी रुळलाय. बोलताना 'शेवट फोडणे' जास्त सहज येतं, पेपर फोडतात तसं.

मित्राला गोष्ट सांगायची तर पहिल्या वळणापर्यंतच सांगावी. बहुतेक सिनेमांत ते पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत येतं. 'शेवटी एक झटका आहे' हे वाक्य निरुपद्रवी वाटतं, पण तोही रहस्यभेदच. बघणारा पहिल्या मिनिटापासून कोणावर संशय घ्यायचा ते शोधत बसतो आणि मधला सिनेमा त्याच्या हातून निसटतो.

'मध्यंतरानंतर घसरतो' हेही जपून. आपल्याकडचे पटकथाकार मध्यंतर धरून लिहितात, तिथे पूर्वार्ध-उत्तरार्ध ही विभागणी खरी असते. परदेशी सिनेमात मध्यंतर थिएटरवाला ठरवतो, आणि घरी ओटीटीवर बघणाऱ्याला ते नसतंच. तिथे 'साधारण तासाभरानंतर घसरतो' म्हणावं.

तिकीटबारी

आणि शिफारस?

व्याकरणप्रेमी

'शिफारस' चुकीचा नाही, पण त्याला नोकरी, बढती, समितीचा अहवाल यांचा वास आहे. शिफारस वरच्याकडे केली जाते: 'नावाची शिफारस केली'. मित्राला सिनेमा सुचवावा. 'दोन-तीन चांगले सुचव' हे सरळ मराठी. 'मी हा चित्रपट तुला शिफारस करतो' ही वाक्यरचना मात्र मराठी नाही. शिफारस 'ची' मागते: चित्रपटाची शिफारस.

पिटातला

खरी गंमत सुचवण्याच्या पायऱ्यांत आहे. वरून खाली:

'बघच.' इथे कारण विचारायचं नाही.
'चुकवू नकोस.' थिएटरातून उतरायच्या आत जा, असा अर्थ त्यात येतो. ओटीटीवर कायम पडलेल्या सिनेमाला हे कशाला?
'बघण्यासारखा आहे.' खरी दाद, आवाज न चढवता.
'पैसा वसूल.' करमणूक झाली, पुढचं विचारू नका.
'एकदा बघायला हरकत नाही.' 'एकदा'वर जोर.
'बरा आहे.' वाईट आहे, पण बनवणारा ओळखीचा असावा.
'विषय चांगला आहे.' विषयच फक्त.
'प्रामाणिक प्रयत्न.' इथे घरीच थांबावं.

'मराठी सिनेमा म्हणून बघायला हवा' हे सगळ्यात खाली. असं म्हणणारा बहुधा स्वतः गेलेला नसतो.

अर्धविराम

'सहकुटुंब बघण्यासारखा' राहिला. याचा प्रत्यक्षातला अर्थ 'चुंबनदृश्य आणि शिव्या नाहीत' एवढाच घेतला जातो. हाणामारी, रक्त यांना कुटुंबात मोकळीक असते, का ते विचारू नका. मुलांना न्यायचं असेल तर प्रमाणपत्र बघणं उत्तम. २०२३च्या कायदादुरुस्तीने 'यूए'चे ७+, १३+, १६+ असे तीन भाग केलेत. तेव्हा 'यूए आहे, चालेल' हे आता अपुरं. कितीचा यूए ते सांगावं. मिनिटांतली लांबीही त्याच प्रमाणपत्रावर असते, शेवटची लोकल गाठायची असेल तर ती बघून ठेवा.

तिकीटबारी

आभार. एक शेवटचं: 'बेक्कार' हा शब्द स्तुती की निंदा?

पिटातला

पुढे काय येतं त्यावर. नामाआधी आला तर निंदा: 'बेक्कार पिक्चर'. क्रियापदाआधी आला तर नुसता जोर: 'बेक्कार हसलो' म्हणजे पोट दुखेपर्यंत हसलो. 'बेक्कार आहे' एवढंच लिहिलेलं असेल तर लिहिणाऱ्याला फोन करा. अनोळखी माणसांच्या गटात तो शब्द टाळलेला बरा.