तंबूसाठी वजनाला हलक्या, पण न वाकणाऱ्या मेखा कोणत्या घ्याव्यात?

रानवाट (प्रश्न)

नमस्कार. येत्या जानेवारीत रतनवाडीहून निघून रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत आणि पाचनई या मार्गाने हरिश्चंद्रगडापर्यंत चालत जाण्याचा आम्हा दोघांचा विचार आहे. त्यातल्या किमान दोन रात्री तंबूत काढाव्या लागतील. आमचा तंबू कमानींवर आपोआप उभा राहणारा नाही. चालायच्या दोन काठ्या मधे उभ्या करून तो चहूबाजूंनी ताणावा लागतो. त्यामुळे ६ मेखा घट्ट बसल्या नाहीत तर तो उभाच राहत नाही, आणि वारा असेल तर आणखी २ लागतात.

तंबूबरोबर ॲल्युमिनियमच्या गोल, बारीक मेखा आल्या होत्या. गेल्या डिसेंबरमध्ये एका गडाच्या माचीवर मुरमात ठोकताना ८ पैकी ३ वाकल्या आणि त्यांतली एक सरळ करताना डोक्याजवळ तुटली. रात्री वारा सुटल्यावर एका कोपऱ्याची मेख निघाली आणि पहाटेपर्यंत आम्ही तो कोपरा आळीपाळीने धरून बसलो. आता नव्या मेखा घ्यायच्याच आहेत. सगळे मिळून वजन १२० ग्रॅमच्या आत असावे असे वाटते. टायटॅनियमच्या मेखा महाग असल्या तरी त्या घेतल्यावर हा प्रश्न कायमचा सुटेल का?

लोहकाम

टायटॅनियम म्हणजे न वाकणारा धातू, हा समज आधी बाजूला ठेवावा, अशी माझी विनंती आहे. माझे काम यंत्रशाळेतले असल्यामुळे हे जरा सविस्तर लिहितो. गोल सळईचा ताठपणा दोन गोष्टींवर ठरतो : धातू आणि जाडी. धातूपुरते पाहिले तर एकाच जाडीच्या सळयांत पोलाद सर्वांत ताठ, टायटॅनियम त्याच्या साधारण निम्मे आणि ॲल्युमिनियम साधारण एक-तृतीयांश. टायटॅनियमचा खरा फायदा असा की ते पोलादापेक्षा वजनाला बरेच हलके असते, गंजत नाही, आणि थोडे वाकले तर पुन्हा मूळ आकारात येते. मात्र जाडीचा परिणाम याहून कितीतरी मोठा असतो. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो; म्हणजे ३ मिलिमीटरची सळई ४ मिलिमीटरची केली की ती तिपटीहून अधिक ताठ होते. बाजारात ६-७ ग्रॅमच्या ज्या टायटॅनियमच्या, डोके आकड्यासारखे वळवलेल्या मेखा मिळतात, त्या बहुतेक ३ मिलिमीटर जाडीच्या असतात. मऊ मातीत त्या उत्तम चालतात. मुरमात मात्र वाटेत खडा आला की त्या बाजूला वळतात, आणि वरून आणखी ठोकले की आकड्याजवळ वाकतात.

ॲल्युमिनियमच्या बाबतीत कोणते मिश्रण वापरले आहे, हे पाहणे फार महत्त्वाचे. स्वस्त मेखा बहुधा ६०६१ (मिश्रणे अशा चार आकडी क्रमांकांनी ओळखतात) किंवा त्याहून मऊ मिश्रणाच्या असतात. ज्यात जस्त मिसळलेले असते ते ७०७५ मिश्रण कायमचे वाकण्यापूर्वी ६०६१ च्या पावणेदोन पट ताण सहन करते. त्यात छेद इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा तीन पात्यांचा असेल, तर तेवढ्याच धातूतून ताठपणाही वाढतो आणि मातीत धरणारा पृष्ठभागही. एमएसआर कंपनीची ग्राउंडहॉग ही या प्रकारातली सर्वांना माहीत असलेली मेख. लांबी सुमारे १९ सेंटिमीटर, वजन सुमारे १४ ग्रॅम. याच घडणीच्या इतर मेखाही मिळतात. घेताना ७००० मालिकेतले, म्हणजे ७ ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे मिश्रण आहे का, एवढे मात्र विचारून घ्यावे.

आणखी एक गोष्ट : ७०७५ ची मेख वाकली तर ती सरळ करून पुन्हा मोहिमेवर नेऊ नये. हे मिश्रण जितके मजबूत, तितकेच उलट वाकवले असता तडकणारे आहे, आणि ती तडक डोळ्यांना दिसेलच असे नाही.

कडेकपारी

वरचे उत्तर धातूच्या दृष्टीने अचूक आहे. मी जमिनीविषयी लिहितो, कारण माझ्या अनुभवात मेखेपेक्षा जागा निवडण्यातच जास्त चुका होतात.

आपण ज्या भागात जाणार आहात तिथे दिवाळीपर्यंत मातीत ओल असते आणि कोणतीही मेख हाताने दाबली तरी आत जाते. जानेवारीत तीच माती विटेसारखी होते. पठारावर तर वरचा वीतभर थर मातीचा, त्याखाली मुरूम आणि त्याखाली सलग कातळ, अशी रचना पुष्कळदा सापडते. मातीच्या थरात तीन पात्यांची मेख चांगली धरते. पण मुरमात तिची पाती खड्यांत अडकतात आणि डोके ठेचले जाते. तिथे जाड, गोल, खिळ्यासारखी मेखच फटी शोधत आत शिरते. म्हणून मी एकाच प्रकारच्या ८ मेखा कधीच नेत नाही. तीन पात्यांच्या ६ आणि ४ मिलिमीटर जाडीच्या टायटॅनियमच्या २ घेतल्या, तर अनुक्रमे ८४ आणि सुमारे २२, म्हणजे साधारण १०६ ग्रॅम वजन होते. आपली मर्यादा त्यात पाळली जाते.

ठोकताना दगड अगदी उभा पडेल असा मारावा, तिरका घाव मेखेला वाकवतो. दोन-तीन घावांत ती पुढे सरकत नसेल तर हट्ट न करता काढून चार बोटे बाजूला ठोकावी. मेख उभी किंवा डोके तंबूपासून किंचित दूर झुकलेले असे बसवावी. घाईत अनेक जण डोके तंबूकडे झुकवतात, आणि मग तणाव्याचा, म्हणजे तंबू ताणून धरणाऱ्या दोरीचा, फास सरकून वर येतो. मेख पूर्ण आत गेली नाही तर तणावा डोक्याला न अडकवता जमिनीलगत अडकवावा, कारण वर राहिलेल्या भागाला बांधलेली दोरी तरफेसारखी मेखेला उपटते. आपल्या निघालेल्या कोपऱ्याचे कारण बहुधा हेच असावे.

कातळावर मेखेचा नादच सोडावा. तणाव्याच्या टोकाला मेख आडवी बांधावी, तिच्यापुढे दोरीवर एक नारळाएवढा दगड ठेवावा आणि त्या दगडाच्या तंबूकडच्या बाजूला, दोरीवरच, दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा धोंडा ठेवावा. दोरीला ओढ बसली की लहान दगड मोठ्याला भिडतो आणि दोन्ही मिळून अडतात. यासाठी प्रत्येक तणाव्याला जोडायला मीटरभर जास्तीची दोरी सोबत असू द्यावी. सकाळी ते दगड होते तिथे परत ठेवावेत.

खाडीकाठ

थोडी भर घालतो. १५ सेंटिमीटरच्या आखूड मेखा नगामागे ३-४ ग्रॅम वाचवतात, पण त्या फक्त मधल्या, कमी ताणाच्या जागी वापराव्यात. कोकणातल्या पुळणीवर मात्र यांतली कोणतीच मेख धरत नाही. तिथे कापडी पिशवीत वाळू भरून, तिला तणावा बांधून ती हातभर खोल पुरावी लागते. हिमालयात बर्फावरही मेख उभी न ठोकता आडवी पुरतात आणि वरून बर्फ दाबतात. आपल्या मार्गावर याची गरज पडणार नाही, पण पुढे कधी उपयोगी पडेल.

रानवाट

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभार. गेल्या वेळी मेख अर्धीच आत गेली होती आणि तणावा आम्ही डोक्यालाच अडकवला होता, हे आता नेमके आठवते. वरच्या हिशेबाप्रमाणे ६ आणि २ अशाच मेखा घेईन. घट्ट बसलेली मेख सकाळी काढण्याची योग्य रीत कोणती? आम्ही ती दगडाने डावी-उजवीकडे ठोकून सैल करत होतो.

कडेकपारी

तसे ठोकण्यानेच पुष्कळ मेखा वाकतात. प्रत्येक मेखेच्या डोक्याला भगव्या किंवा पिवळ्या दोरीचा लहान फास कायमचा बांधून ठेवावा. त्यात दुसरी मेख आडवी घालून, मेख ज्या दिशेने आत गेली त्याच रेषेत सरळ वर ओढावी. गवतात हरवलेली मेखही त्या रंगामुळे सापडते.

एक विनंती आहे. हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा मुक्कामाच्या जागा वनखात्याकडे आणि गावात आधी विचारून ठरवाव्यात. आणि गडावर मंदिराच्या आवारात किंवा जुन्या जोत्यांच्या सांध्यांत मेख कधीही ठोकू नये. ती जागा सोयीची वाटते, मेख तिथे घट्टही बसते, पण तिच्या पाचरीने सांधा उघडतो आणि पुढच्या पावसाळ्यात त्यात पाणी शिरून चिरा सुटतो.

रानवाट

हे लक्षात ठेवीन. येत्या रविवारी गावाबाहेरच्या मुरमाड माळावर तंबू लावून पाहणार आहे, आणि दगडांची रीतही तिथेच हातात बसवून घेईन.