जुनं पॅरिश चर्च: आहे तसं राखायचं की आजच्या भाविकांसाठी बदलायचं?

कमानीखाली: कॅथीड्रलला, म्हणजे बिशपांच्या मुख्य चर्चला, अभ्यासक मिळतात, निधी मिळतो. पॅरिश चर्चच्या, म्हणजे गावा-वस्तीतल्या भाविकांच्या चर्चच्या, वाट्याला येतो उत्साही कंत्राटदार. चुन्यात बांधलेल्या भिंतीला तो सिमेंटचा गिलावा करतो, वर ऑइल पेंट. ओल बाहेर पडायची वाट बंद होते, क्षार आतच साठतात, मग दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. माझ्या मते आधी हे थांबवावं आणि आतल्या रचनेला शक्यतो हात लावू नये.

मिस्सेकरी: चुन्याचं मान्य. पण तुम्ही इमारत बघता, आम्ही तिथे गुडघे टेकतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे कॅथलिक चर्चमध्ये सुधारणा करणाऱ्या बिशपांच्या सभेनंतर, १९६४ च्या सूचनेत मुख्य वेदी भिंतीपासून सुटी असावी, लोकांकडे तोंड करून मिस्सा (मुख्य सामूहिक उपासना) करता यावी, असं आलं. उपासना बदलली की वास्तू बदलणारच. आणि चाकाच्या खुर्चीवरचा माणूस पायऱ्यांपाशीच अडत असेल तर त्याला वारशाचं कौतुक कसलं?

कमानीखाली: रॅम्प हवाच, त्यावर वाद नाही. वेदीचं मात्र अर्धंच सांगितलंत. परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजातच, मौल्यवान वस्तू विकल्या जाणार नाहीत, नासणार नाहीत, याकडे बिशपांनी लक्ष द्यावं असं कलम आहे. पुढे सुटी वेदी मांडायला मागची कोरीव वेदी फोडावी लागत नाही. जिथे फोडली तिथे ती हौस होती. परिषदेवर कशाला ढकलता?

सळई_सिमेंट: दोघांनाही वारसा म्हटलं की दगड-चुनाच दिसतो! पॅरिसजवळचं ल रँसीचं नोत्र दाम बघा. वास्तुकार ऑग्युस्त पेरे, १९२३. उघडं काँक्रीट, सडपातळ खांब, भिंतींच्या जागी रंगीत काचांची जाळी. आणि हे पहिल्या महायुद्धानंतर कमी पैशांत उभं राहिलेलं पॅरिश चर्च. काँक्रीटचं दुखणं वेगळं: सळई गंजून फुगते, वरचा थर फोडते आणि ठिगळ लपत नाही. त्यात 'हे तर गोदाम' म्हणून अशा चर्चवर कुणी जीव लावत नाही. जुनेपणाचं वलय नाही, एवढाच यांचा गुन्हा.

हिशेबनीस: सगळं छान. पैसे कोण देणार? फ्रान्समध्ये १९०५ च्या कायद्यानंतर तेव्हाची बहुतेक पॅरिश चर्चेस नगरपालिकांच्या मालकीची झाली, तिथे निदान मालक ठरलेला आहे. इतरत्र मूठभर म्हाताऱ्यांनी छप्पर पेलायचं का? बंद करा, ग्रंथालय करा. कॅनन कायद्याच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्याच्या, १२२२ व्या कलमात ती सोय आहे, फक्त वापर हीन नको.

मिस्सेकरी: त्याच कलमात गंभीर कारण हवं आणि धर्मगुरूंच्या मंडळाचं म्हणणं ऐकावं, असंही आहे. ते गाळलंत. ग्रंथालय झालं की भिंती राहतील, पण बाप्तिस्म्याच्या कुंडाचं काय? कुंडी ठेवणार त्यात?

हिशेबनीस: पडक्या छपराखालच्या कुंडापेक्षा ते बरं.

कमानीखाली: छप्पर एका दिवसात पडत नाही हो. पन्हळी तुंबतात, पाणी वाशांच्या टोकांत मुरतं, टोकं कुजतात. पावसाआधी पन्हळी साफ करायला कुठलाही निधी लागत नाही.