एका घरात चार गाणी: एकत्र ऐकणं आपण सोडून द्यायचं का?

रामबागकर:

६ फेब्रुवारी २०२२, रविवार. त्या सकाळपासून एक गोष्ट मनात घर करून बसली आहे, ती आज लिहितोय. वय ७४, बँकेतून निवृत्त, सगळा जन्म इंदूरात गेला.

लतादीदी गेल्याची बातमी आली तेव्हा मी पोह्यांची ताटली हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. दिवाणखान्यात मुलाच्या मोबाइलवर एक गाणं सुरू होतं. सून आतल्या खोलीत दुसरंच ऐकत होती. बायको देवघरापाशी बसून भावगीत ऐकत होती आणि नातीच्या कानात इअरफोन. चारही ठिकाणी आवाज एकच, लताचा. रडत तर सगळेच होते. पण एका जागी येऊन बसावं असं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. पोहे गार झाले, वरची शेव मऊ पडली, तरी मी तसाच उभा. ज्या शहरातल्या शीख मोहल्ल्यात २८ सप्टेंबर १९२९ रोजी ही मुलगी जन्मली, त्या शहरातलं एक मराठी घर तिच्यासाठी पाच कोपऱ्यांत वेगवेगळं रडलं.

मला १९६४ चा २७ मे आठवला. मी चौदा वर्षांचा होतो. रामबागेतल्या आमच्या वाड्यात बारा बिऱ्हाडं आणि चालू रेडिओ एकच, फळीवर ठेवलेला, त्याला आईने विणलेलं झाकण. नेहरू गेल्याचं दुपारी रेडिओने सांगितलं आणि बाराही घरांतली माणसं आमच्या ओसरीवर आली. कुणी फारसं बोललं नाही. संध्याकाळी चुली उशिरा पेटल्या. समोरच्या काकूंनी सगळ्या मुलांना एकाच पातेल्यातला भात वाढला. ती बातमी आम्ही सगळ्यांनी मिळून सोसली, असं मला आजही वाटतं.

आनंदाचंही तेच. मिलच्या भोंग्यावर आणि रेडिओवर आमचा दिवस चालायचा. संध्याकाळी मालवा हाऊसवरून, म्हणजे आकाशवाणीच्या इंदूर केंद्रावरून, नंदाजी-भेराजींच्या मालवी गप्पा, बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला. क्रिकेट असलं की सुशील दोशींचं हिंदी समालोचन, तेही आपल्याच गावचे. जानेवारी १९८८ मध्ये नरेंद्र हिरवाणीने मद्रासला आपल्या पहिल्याच कसोटीत वेस्ट इंडीजचे दोन्ही डावांत आठ-आठ, मिळून १६ बळी घेतले. तेव्हा आमच्या शाखेत काउंटरच्या अलीकडचे आणि पलीकडचे असा भेदच उरला नव्हता. पैसे काढायला आलेला माणूस पैसे विसरून स्कोअर विचारत होता.

माझं म्हणणं असं, की रोज निदान अर्धा तास बातम्या आणि गाणी घरात सगळ्यांनी मिळून ऐकावीत, इअरफोन बाजूला ठेवून. परवा नात खिडकीशी बसून काहीतरी ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. कोणतं गाणं ते मला कळलं नाही. विचारायचाही संकोच वाटला. माझ्याच घरातलं माणूस कशाने हलतं हे मला ठाऊक नसावं, याचा फार त्रास होतो.

माळव्याची लेक:

काका, नमस्कार. तुमची ओसरी मला डोळ्यांपुढे दिसली. पण त्या ओसरीच्या आत मी होते, म्हणून लिहिते.

लोकमान्य नगरात आमच्याकडे रेडिओ बाहेरच्या खोलीत, बाबांच्या खुर्चीशेजारी. बुधवारी आठ म्हणजे आमची पोळ्यांची वेळ. स्टोव्हच्या घरघरीत अर्धं गाणं बुडायचं. आई म्हणायची, जरा मोठा करा. बाबा म्हणायचे, मोठा केला की सिलोन खरखरतं. गीतमालेत वरच्या पायदानांची, म्हणजे वरच्या क्रमांकांची गाणी लागायची तेव्हा नेमकी बाबांची ताटं वाढायची असायची. वरचं गाणं कोणतं लागलं हे मला दुसऱ्या दिवशी शाळेत मैत्रिणींकडून कळायचं. घरात रेडिओ होता, आणि तरी!

काय लावायचं, कधी बंद करायचं, कुणी बोलायचं, हे सगळं एका माणसाच्या हातात होतं. त्याला तुम्ही एकत्र ऐकणं म्हणता. आम्हाला ते कानावर पडायचं, एवढंच.

आज मी ६३ वर्षांची आहे. पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून ठेवते आणि कणीक मळता मळता नाट्यगीत ऐकते. मधेच हात धुऊन तेच गाणं परत लावते. आवाज किती ठेवायचा हे जन्मात पहिल्यांदा माझ्या हातात आलंय. ते मी अर्ध्या तासासाठीसुद्धा परत देणार नाही.

पोहे आधी:

बरोबर बोललात ताई. मी बातम्यांपुरतं सांगतो.

काका, तुमच्या वेळी सगळे एका रेडिओभोवती बसत, कारण दुसरं काही नव्हतंच. आणि तो एक रेडिओ सरकारचा. ३१ ऑक्टोबर १९८४ ला सकाळी इंदिराजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. बीबीसीने त्या गेल्याचं आधीच सांगितलं होतं, आकाशवाणीने संध्याकाळी सहाला सांगितलं. तोवर देशभरातल्या ओसऱ्यांवर लोक एकत्र बसून अंधारातच होते. आमचे वडील जेल रोडच्या घरी दिवसभर रेडिओचा काटा फिरवत होते, हे मी स्वतः पाहिलंय.

गीतमालेचंही तसंच. १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले, आपलेच मराठी, आणि त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटायची. आकाशवाणीवरून ती जवळपास गेलीच. म्हणून लोक सिलोनकडे वळले. शेवटी १९५७ मध्ये सरकारलाच विविध भारती काढावी लागली. म्हणजे बुधवारची ती गर्दी एका मंत्र्याच्या नावडीतून जमली होती. मला कुणाच्या नावडीवर माझं गाणं ठरायला नको आहे. आज एक बातमी मी चार ठिकाणी पडताळून बघू शकतो.

राजेंद्रनगर ते राजवाडा:

पडताळता का, भिया, खरंच? आमच्या नात्यातल्या ग्रुपवर एका जिवंत नटाला दोनदा श्रद्धांजली वाहून झाली. दोन्ही वेळा ती खोटी आहे हे सांगायला कुणीच नव्हतं, कारण जो तो आपापल्या खोलीत वाचत होता. वाड्यात एकाने खोटं सांगितलं तर दुसरा तिथंच अडवायचा.

मी काकांच्या बाजूने आहे आणि कारण सांगतो. माझे वडील इथल्या हुकुमचंद कापड मिलमध्ये होते. १२ डिसेंबर १९९१ ला मिल बंद झाली. थकबाकीसाठी कामगारांनी तीस-बत्तीस वर्षं लढा दिला. वडील बैठकीला जायचे तेव्हा धुतलेला सदरा घालून जायचे, लग्नाला जावं तसे. पैसे मिळायच्या आधीच ते गेले. २५ डिसेंबर २०२३ ला ४,८०० कामगारांचे २२४ कोटी रुपये देण्याचा कार्यक्रम झाला, तेव्हा मी कामावर होतो. बातमी मोबाइलवर आली. मी ती वाचली, परत वाचली आणि काय करावं ते सुचेना. शेजारचा मुलगा कानात घालून काम करत होता, त्याला काय सांगणार! खाली चहाच्या ठेल्यावर गेलो आणि चहावाल्याला सांगितलं. त्याने गॅस बारीक केला. म्हणाला, आमचे मामाही होते तिथं. मग मी मोबाइलचा स्पीकर लावला, मोबाइल बरणीवर ठेवला आणि चार-पाच जणांनी उभ्याने तो कार्यक्रम ऐकला. त्यानंतर मला रडू आलं. एकट्याने वाचलं तेव्हा आलं नव्हतं.

पोहे आधी:

दादा, वाचून गलबलून आलं. पण बरणीवर ठेवला तो मोबाइलच होता ना? मग त्याला दोष कशाला?

निळा हेडफोन:

मी इथं बहुतेक सगळ्यात लहान, २२ वर्षांची. काकांच्या नातीच्या जागची मीच समजा.

आमच्याकडे आजोबांच्या पसंतीची गाणी लागतात आणि मला ती आवडतातही. पण उस्ताद अमीर खाँ आमच्या घरात कधी लागले नाहीत. इंदूरला वाढलेला माणूस, इंदूर घराणं ज्यांच्या नावाने ओळखतात, १९७४ मध्ये कलकत्त्याला मोटार अपघातात गेले. आणि मला हे सगळं कळलं पुण्याच्या होस्टेलवर रात्री दोन वाजता, हेडफोनमध्ये. त्यांचा अतिविलंबित, म्हणजे फार संथ लयीतला ख्याल पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं की गाणं थांबलंय, मोबाइल बिघडला. मग पुढचा स्वर आला. तो इतका हळू आला की मी श्वास रोखून बसले होते. हे चार जणांत झालं असतं का? कुणीतरी म्हणालं असतं, काय हे रेंगाळणं, बदल.

काही गाणी पहिल्यांदा एकटीनेच ऐकावी लागतात. नंतर सांगता येतात. काका, नातीला विचारा ना. संकोच तिलाही असेल. मी आजोबांना अमीर खाँ ऐकवायला दीड वर्ष घेतलं, कारण त्यांनी मधेच मान फिरवली तर काय, ही भीती होती.

रामबागकर:

सगळ्यांचे आभार. मी कालपासून बेचैन आहे.

माळव्याची लेक, तुमचं लिहिणं मी बायकोला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. निवडणं थांबवलं नाही, पण म्हणाली, "मला समालोचन कधीच आवडलं नाही. रविवार रविवार ते घरात चालायचं आणि माझं डोकं दुखायचं." आमच्या लग्नाला ४८ वर्षं झाली. हे मला काल कळलं. ओसरीवर सगळे होते असं मी लिहिलं, ते चुकलं. आई त्या दिवशीही दाराच्या आतच उभी होती, हे लिहून झाल्यावर आठवलं.

केसकरांचं आणि १९८४ चं जे लिहिलंत ते खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. बातमी एकाच तोंडून यावी असं मी आता म्हणणार नाही.

तरी एका गोष्टीवर मी ठाम आहे. तेव्हा रेडिओची कळ एकाच्या हातात होती हा अन्याय झाला. तो दूर करायचा तर कळ पाळीपाळीने फिरवू. जो तो आपली कळ घेऊन खोलीत गेला, तर ४८ वर्षांनी कळायच्या गोष्टी कळायच्याच राहतील. मिलच्या बातमीचं जे घडलं ते ठेल्यावर, चार माणसांत घडलं. मोबाइल असो की रेडिओ, माझं भांडण यंत्राशी नाही.

नातीशी बोललो. दर बुधवारी आठला, पहिली पाळी तिची, असं ठरत होतं. तिचा क्लास निघाला, म्हणून नऊ. तिने अट घातली की गाणं संपेपर्यंत मी काही विचारायचं नाही, आणि आमच्या वेळी असं होतं, हेही म्हणायचं नाही. मी कबूल केलं.

माळव्याची लेक:

काका, मनापासून बरं वाटलं. माझं मत मात्र अजून बदललेलं नाही, माझा मोबाइल पिठाच्या डब्यापाशीच राहील. आणि एक विचारते, राग मानू नका. बुधवारी नऊला सगळे बसणार, तर त्या दिवशीचं मागचं आवरणार कोण? तेही पाळीत धरलंय का?

रामबागकर:

धरलं नव्हतं. आता धरतो. बुधवारी खिचडी, आठला कुकर मी लावेन. भांडी मुलगा घासेल, त्याला सांगून झालंय.