मदत हवी आहे: मागच्या रांगा एक ठोका मागे पडतात

घामाघूम: विद्यापीठात पहिल्या वर्षाला फिटनेसचा कोर्स शिकवतो. प्रोजेक्टर आल्यापासून चित्र आणि संगीत जुळत नाहीये. पुढची पोरं बरोबर, मागची सगळी एक ठोका मागे. उद्या सकाळी तास आहे. बंद करून चालू करा म्हणू नका, चारदा केलंय.

वायरखेच: स्पीकर ब्लूटूथचा असणार. आवाज उशिरा येतो. व्हीएलसीत 'जे' दाबत राहा, दर वेळी ५० मिलिसेकंद अलीकडे येईल.

घामाघूम: स्पीकर वायरचाच आहे. आणि व्हीएलसी कशाला?

वायरखेच: व्हिडिओ मग कशात लावता?

नाडीपरीक्षा: ठोक्यांवरून आठवलं. नाडीचे जास्तीत जास्त ठोके काढायचं २२० वजा वय हे सूत्र सरसकट लावू नका, १०-१२ ठोके सहज इकडेतिकडे होतात. त्यापेक्षा पोरांना व्यायाम करता करता बोलायला लावा. वाक्य पुरं होत नसेल तर जोर जास्त झाला.

घामाघूम: नाडीचा ठोका नाही हो, गाण्याचा! आणि व्हिडिओ नाहीच. मी समोर करून दाखवतो, मागच्यांना दिसावं म्हणून मोबाइलचा कॅमेरा वायफायवरून पडद्यावर टाकतो.

वायरखेच: हे आधी सांगायचंत की! आवाज वेळेवर आहे, तुमचं चित्र उशिरा पोचतंय. गाणं किती वेगाचं?

घामाघूम: मिनिटाला १३० ठोके.

वायरखेच: म्हणजे एका ठोक्यापासून पुढच्यापर्यंत ०.४६ सेकंद. वायफायने तेवढा उशीर केला की झालं. एचडीएमआय केबल टाका. प्रोजेक्टरमध्ये गेम मोड असेल तर तोही लावा, चित्राचा उशीर कमी होतो. फोनमधून केबलवर चित्र निघतं का ते आजच बघा, सगळ्या फोनना जमत नाही.

शिट्टीमास्तर: प्रोजेक्टर काढा. चौथऱ्यावर उभे राहा, शिट्टी आणि एक-दोन-तीन-चार. मी २०० पोरं अशीच हाकलीत.

कोनमापक: हाकलीत, शिकवली नाहीत! स्क्वॉटला, म्हणजे बैठकांना, तर मी पडद्यावरचं चित्र मुद्दाम १० सेकंद उशिराने दाखवतो, पोरगं करतं आणि वळून स्वतःलाच बघतं. कॅमेरा कंबरेच्या उंचीवर, काटकोनात बाजूने. तिरका ठेवलात तर गुडघ्याचा कोन खोटा दिसतो. किनोव्हिया हे व्हिडिओवर मोजमाप करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, कोन त्यात मोजा.

शिट्टीमास्तर: वळून बघेपर्यंत पुढचे दोन स्क्वॉट झाले असते. डोळे आहेत ना मास्तरांना?

कोनमापक: ६० जणांवर दोन डोळे?

वायरखेच: तुमचं भांडण वेगळ्या धाग्यावर न्या. घामाघूम, केबलचं काय झालं?

घामाघूम: मित्राचा फोन आणि केबल घेऊन हॉलमध्येच आहे. ठोका जुळला! पण मी उजवा हात वर केला की पडद्याकडे बघणारे डावा करतायत.

वायरखेच: चित्र आरशासारखं उलटं करा. कोणतं ॲप आहे?

घामाघूम: फोनमधलाच कॅमेरा.

वायरखेच: त्यात मागच्या कॅमेऱ्याला ती सोय नसते बहुतेक. उद्यापुरतं पोरांकडे पाठ करून शिकवा, उजवा तो उजवाच राहील.

शिट्टीमास्तर: पाठ केलीत की शिट्टी लागणारच.