मदत हवी आहे: गाडीत बसून स्पॉटिंग स्कोप लावायचा तर कसा?

नमस्कार मंडळी, आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे. आईला पक्ष्यांचं वेड जुनं, पण गुडघ्यांमुळे हल्ली बांधावर चालणं नाही की ट्रायपॉडसमोर उभं राहणं नाही. म्हणून थंडीच्या दिवसात सकाळी करमळीच्या तळ्यावर नाहीतर फेरीने दिवाडीला जायचं, कडेला गाडी लावायची आणि आतूनच बघायचं असं सुरू केलंय. तसं ते बरंच पडतं, कारण गाडीला पक्षी भीत नाहीत, दार उघडून पाय खाली टेकवला की मात्र शेकाटे उडालेच म्हणून समजा.

बायनॉक्युलर ८ बाय ४२ चा आहे, त्यात अडई आणि जांभळ्या पाणकोंबड्या मस्त दिसतात, पण तळ्याच्या मधोमध बसलेल्या बदकांत गार्गनी कुठली ते काही कळत नाही आणि खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतातल्या) चिखलावरचे बारके वेडर, म्हणजे चिखलात चरणारे पाणपक्षी, तर सगळे सारखेच. मामेभावाने त्याचा स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची लांबवरची दुर्बीण) दिलाय वापरायला, पुढचं भिंग ८० एमएमचं, २० ते ६० पट झूम, आयपीस म्हणजे डोळा लावायचा भाग ४५ डिग्री तिरका. गाडी साधी हॅचबॅक, आई पुढे डाव्या सीटवर.

अडचण अशी की तिरक्या आयपीसमध्ये बघायला वरून मान घालावी लागते आणि वर गाडीचं छप्पर, आईची मान अवघडते. सरळ आयपीसवाला घ्यावा का? खिडकीच्या काचेला लावायचा क्लॅम्प मिळतो त्यावर हा धोंडा ठेवला तर काच फुटणार नाही ना? ४० च्या पुढे झूम केलं की सगळं नुसतं थरथरतं ते वेगळंच. आणि एसी लावून गेलो की खिडकी उघडल्या उघडल्या स्कोपच्या पुढच्या काचेवर वाफ धरते, मग आई पदराने पुसायला जाते आणि माझा जीव वरखाली.

कोणी गाडीतून बघणारे असतील तर जरा सविस्तर सांगा प्लीज.

प्रतिसाद १

सरळवाला अजिबात घेऊ नका, उलट गाडीत तिरकाच बरा, फक्त तो आडवा करायचा. स्कोपच्या पोटाला जी कडी असते तिचा स्क्रू सैल करा, स्कोपचा ट्रायपॉडला लागणारा पाय खालीच राहू दे, नळी फिरवून आयपीस आडवा करा, तुमच्या केसमध्ये गाडीच्या मागच्या बाजूला वळलेला. आता स्कोप खिडकीतून डावीकडे बघतोय पण आई बघणार तिरकं पुढे, म्हणजे सीटवर नीट टेकून बसता येतं, मान मोडायला नको. सरळ स्कोपला अख्खं अंग खिडकीकडे वळवावं लागतं, गुडघेदुखीवाल्याला ते कुठे जमणार. एकच आहे, आपण बघतो एकीकडे आणि पक्षी असतो दुसरीकडे, त्यामुळे सुरुवातीला पक्षी सापडतच नाही. नेहमी २० वर ठेवून आधी शोधायचं, सापडला की मग झूम. आई चष्मा लावत असतील तर आयकप (आयपीसभोवतीची वरखाली होणारी कड) खाली फिरवून ठेवा.

थरथरण्याचं कारण बहुतेक इंजिन. पूर्ण बंद करा, एसी, पंखा सगळं. तुम्ही ड्रायव्हर सीटवर बसून चहाचा थर्मास काढलात तरी ६० वर ते दिसतं, गाडी स्प्रिंगवर उभी असते ना. तसंही ६० ला फार अर्थ नाही, ८० भागिले ६० म्हणजे डोळ्यात येणारा प्रकाशाचा ठिपका जेमतेम १.३ एमएमचा, २० ला तोच ४ एमएम असतो. सकाळच्या कोवळ्या उजेडात २५-३० वर जास्त दिसतं. ऊन चढल्यावर पाण्यावरची गरम हवा हलायला लागते, तिला कुठलाही क्लॅम्प उपाय नाही, तेव्हा घरी जाऊन नाश्ता करावा.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण क्लॅम्पच्या आधी पिशवी करून बघा. जुन्या जीन्सचा एक पाय कापा, एक तोंड शिवा, दाणे भरा, दुसरं शिवा, झाली. तांदूळ नको, आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यात पोरकिडे होणार, प्लॅस्टिकचे दाणे मिळाले तर ते. काच पूर्ण खाली घेऊन पिशवी दाराच्या कडेवर घोड्यावर बसवल्यासारखी टाकायची, अर्धी आत अर्धी बाहेर, वर स्कोप. आयपीस आडवा असला की ही उंची पुरते.

क्लॅम्पच घ्यायचा तर काच अर्धी खाली घ्या, पूर्ण वर असताना लावू नका, आणि ज्याला आतून दाराला टेकणारा पाय आहे तसा बघून घ्या म्हणजे दीड-दोन किलोचा भार नुसत्या काचेवर पडत नाही. स्कोप वर असताना काचेचं बटण दाबायचं नाही, यंत्रणा खराब होते. आणि बंद काचेतून बघायच्या भानगडीत पडू नका, डोळ्याला साफ वाटते पण ३० पटीला चित्र फाटतं.

वाफेचं म्हणाल तर स्कोप थंड आणि बाहेरची हवा दमट, म्हणून धरते. स्कोप डिकीत ठेवा, पोचायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी एसी बंद करून काचा उघडा. धरलीच तर आपोआप जाऊ द्या, पदर नको, भिंगावरच्या कोटिंगवर चरे पडतात.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. कडी फिरवून आत्ताच अंगणात गाडीत बसून बघितलं, समोरच्या माडावरचा खंड्या आईला बसल्या जागी दिसला, फक्त शोधायला वेळ लागला. जीन्स शिवायला घेतलीय. आता एक शंका, तळं उजवीकडे येत असेल तर गाडी वळवूनच लावायची का? आई मागच्या सीटवर बसायला तयार नाही.

प्रतिसाद २

वळवूनच लावा. ड्रायव्हर सीटवर स्टिअरिंग मध्ये येतं. फक्त सकाळी सूर्य पाठीशी येतोय ना तेवढं बघा, नाहीतर सगळी बदकं काळी दिसतील.